नाचघरात हेर नव्हते म्हणता?

रीजन्सी म्हणजे आजारी राजाऐवजी युवराजाने इंग्लंडचा कारभार पाहिला तो काळ. त्या काळातल्या इंग्रजी प्रेमकथा वाचणाऱ्यांत एक मत फार ठामपणे फिरत असतं. या कथांमधले हेर, सांकेतिक पत्रं, शत्रूशी आतून संधान असलेला नायक ही आजच्या लेखिकांनी केलेली भेसळ आहे, असं ते मत. म्हणे तो काळ नाच, चहा आणि स्थळं बघण्याचा. युद्ध कुठेतरी लांब चाललेलं. खानदानी पुरुष हेरगिरीला शिवत नसत आणि बायकांचा तर तिच्याशी संबंधच नव्हता. शिवाय इंग्रज तो इंग्रज आणि फ्रेंच तो फ्रेंच, मग निष्ठेचा पेच पडणार कुणाला?

मी या कथा आवडीने वाचते. हे मत खोडावंसं वाटतं, कारण त्यात जगून गेलेली माणसं पुसली जातात.

युद्ध लांब होतं, हे एका तारखेत निकालात निघतं. रीजन्सी फेब्रुवारी 1811 मध्ये सुरू झाली आणि जानेवारी 1820 मध्ये संपली. त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं इंग्लंड नेपोलियनशी लढत होतं, आणि जून 1812 पासून अमेरिकेशीही. परदेशातून आलेल्यांवर नजर ठेवायला लंडनमध्ये 1793 पासून ‘एलियन ऑफिस’ होतं. टपाल खात्यात परदेशी पत्रं गुपचूप फोडून वाचणारी माणसं पगारावर होती. किनाऱ्यावरचे चोरटे व्यापारी सोन्याच्या गिन्या घेऊन फ्रान्सच्या ग्रेव्हलीन बंदरात जात, आणि हे नेपोलियनच्या परवानगीने चाले. आणि नाचाचंच म्हणाल, तर 15 जून 1815 च्या रात्री ब्रुसेल्समध्ये रिचमंडच्या डचेसने दिलेल्या नाचातून अधिकारी उठून गेले ते थेट रणांगणावर. तिसऱ्या दिवशी वॉटर्लूची लढाई झाली, नेपोलियनच्या शेवटच्या पराभवाची.

खानदानी पुरुषांबद्दलच्या म्हणण्यात मात्र तथ्य आहे, आणि ते मान्य करायला हवं. ‘हेर’ हा शब्द त्या वर्गाला शिवीसारखा वाटे. स्पेनमध्ये फ्रेंचांशी लढणारा ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन, त्याचा अधिकारी कोलक्हून ग्रँट शत्रूच्या मुलखात शिरून टेहळणी करायचा, पण अंगावर लाल गणवेश ठेवून. आपल्याला कुणी हेर म्हणू नये म्हणून. एप्रिल 1812 मध्ये तो पकडला गेला, पुढे निसटला आणि पॅरिसमध्ये अमेरिकन अधिकारी म्हणून राहिला. तिथे गणवेशाचा आग्रह संपला. त्याच वेलिंग्टनच्या छावणीत जॉर्ज स्कोव्हेल फ्रेंचांची सुमारे 1400 अंकांची सांकेतिक लिपी फोडत बसला होता. हा वेलिंग्टन म्हणजे असईचाच आर्थर वेलस्ली. भोकरदनच्या परिसरात 1803 मध्ये हरकाऱ्यांच्या बातमीवर विसंबून तो निघाला, आणि शिंदे-भोसल्यांची अख्खी फौज अपेक्षेपेक्षा फार आधी समोर उभी राहिली. बातमी अर्धवट असली की काय होतं, हे तो आपल्या मातीत शिकला होता.

बायकांचं काय? आल्मॅक्स ही लंडनमधली सर्वात मानाची नृत्यसभा. तिथे कुणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणाऱ्या मोजक्या बायकांत रशियन राजदूताची पत्नी डोरोथेआ लीव्हेन होती. ती 1812 मध्ये लंडनला आली. 1818 मध्ये ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री मेटरनिक याच्याशी तिचं प्रेम जमलं आणि इंग्लंडच्या राजकारणातल्या आतल्या गोष्टी तिच्या पत्रांतून त्याच्याकडे जाऊ लागल्या. नवरा झारचा राजदूत, प्रियकर दुसऱ्या साम्राज्याचा मंत्री आणि ती स्वतः लंडनच्या नाचघरात यजमानीण. एवढं एखाद्या लेखिकेने रचलं असतं तर अतिरंजित म्हणून आपणच पुस्तक मिटलं असतं.

पण ‘निष्ठेचा पेच कुणाला पडणार’ हा प्रश्न मला सर्वात जास्त लागतो. फ्रान्सिस बर्नीला पडला. ती इंग्लंडची नावाजलेली कादंबरीकार, आणि 1793 मध्ये तिने लग्न केलं ते फ्रेंच राज्यक्रांतीतून पळून आलेल्या, खिशात दमडी नसलेल्या फ्रेंच अधिकाऱ्याशी. अलेक्झांडर दार्ब्ले त्याचं नाव. 1802 मध्ये थोडा काळ तह झाला तेव्हा तो मायदेशी गेला आणि सैन्यात परत घेण्याची विनंती केली, पण बायकोच्या देशाविरुद्ध शस्त्र उचलणार नाही असं लिहून कळवलं. नेमणूक रद्द झाली. बर्नी मुलाला घेऊन त्याच्याकडे गेली, पुन्हा युद्ध पेटलं, आणि ती दहा वर्षं फ्रान्समध्ये अडकली. 1812 मध्ये मुलगा सतरा वर्षांचा होता. आता तो नेपोलियनच्या सक्तीच्या भरतीत ओढला जाणार, म्हणजे आईच्या माणसांवर बंदूक रोखणार. नवऱ्याला मागे ठेवून, मुलाला घेऊन ती डंकर्कला आली. सामानात तिच्या कादंबरीचं हस्तलिखित होतं. ते पाहून नाक्यावरचा अधिकारी भडकला आणि तिच्यावर कटाचा आरोप करू लागला! एक प्रेमकथा हेरगिरीचा कागद समजून अडवली गेली. ऑगस्टमध्ये ती इंग्लंडला पोहोचली.

त्याच वर्षी 22 जुलैला वेलिंग्टनने स्पेनमधली सालामांकाची लढाई जिंकली. तिथल्या आयरिश महाविद्यालयाचा प्रमुख, फादर पॅट्रिक कर्टिस, त्याला बातम्या पुरवत असे. कॅथलिक आयरिश माणूस ब्रिटनसाठी जीव धोक्यात घालतो, आणि त्याच्या धर्माच्या लोकांना ब्रिटनच्या संसदेत बसता येत नाही. याला पेच म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं? आणि त्याच दिवशी लंडनजवळ बार्न्सला काउंट दांत्रेग आणि त्याची पत्नी सेंट-ह्यूबेर्ती यांचा त्यांच्या नोकराने खून केला, मग स्वतःला संपवलं. ती एके काळी पॅरिसच्या ऑपेराची लाडकी गायिका, आणि तो अनेक दरबारांना बातम्या विकून जगलेला फ्रेंच निर्वासित. खुनामागचं कारण आजही वादात आहे.

या कथांवर आक्षेप घ्यायचाच, तर मी दुसरा घेईन. त्यांतले हेर नेहमी फ्रेंचांच्या मागावर असतात. 1815 नंतर इंग्लंडच्या गृहखात्याचे खबरे विणकरांच्या वस्त्यांत फिरत होते. ऑलिव्हर नावाचा एक जण ‘लंडन बंड करून उठायला तयार आहे’ असं सांगत गावोगाव हिंडला. जून 1817 मध्ये डर्बीशायरमधल्या पेंट्रिचचे उपाशी मजूर त्या भरवशावर निघाले आणि पकडले गेले. ऑलिव्हरचं बिंग त्याच महिन्यात वर्तमानपत्राने फोडलं, तरी 7 नोव्हेंबरला तिघांना फाशी झाली. त्यांतला जेरेमाया ब्रँडरेथ मोजे विणणारा कारागीर होता. बायकोला लिहिलेल्या शेवटच्या पत्रात तिच्याकडे काय काय पाठवतो आहे याची त्याने यादी दिली: एक पिशवी, लोकरीच्या सुताचे दोन गुंडे, कापसाच्या सुताचा एक, एक रुमाल, जुने मोजे आणि एक सदरा.