आवंढा

घशात फोड आले की कळतं, माणूस दिवसभर नुसता गिळत असतो. बोलणं बंद ठेवता येतं, जेवण टाळता येतं; थुंकीचं काय करणार? दर आवंढ्याला पडजिभेपाशी कुणीतरी टाचणी टोचतंय. आरशासमोर मोबाइलचा टॉर्च धरला, तर टाळूच्या मागच्या मऊ भागावर बारीक पांढरट फोड आणि भोवती लालबुंद कडी.

"उष्णता!" आई म्हणाली. केस गळणं, तोंड येणं आणि वडिलांचा स्वभाव, या सगळ्यांचं आमच्याकडे हेच निदान आहे. लगेच सब्जा भिजला, धने-जिऱ्याचं पाणी आलं. शेजारच्या काकू चावायला जाईची पानं घेऊन आल्या. मावशीने व्हिडिओ कॉलवर 'आ' करायला लावून टाकणखार मधातून लावायला सांगितला. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, पोटात गेला तर अपायकारक! पण एवढं वाक्य बोलायला घसा लागतो. मी गप्प, म्हणजे माझी संमती, असं धरून आई डबे शोधू लागली. मी दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी घशात बघून पहिला प्रश्न विचारला, "घरात लहान मूल?" होतं ना! ताईचा मुलगा बालवाडीतून ताप आणि तळहातांवर पुरळ घेऊन आला होता, आणि त्याचा उष्टा मऊभात प्रेमाने मी संपवला होता. विषाणूचं नाव कॉक्सॅकी. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉक्सॅकी नावाच्या गावच्या रुग्णांमध्ये तो 1948च्या सुमारास सापडला म्हणून हे नाव. तिथून निघून तो आमच्या मऊभातात पोचला.

विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. आठवड्या-दहा दिवसांत आपोआप जातं. तोवर दुखण्याला पॅरासिटामॉल, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, तिखट-आंबट बंद. पाणीही गिळवेना किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच यायचं. आणि तोंडातली कुठलीही जखम तीन आठवडे भरली नाही तर दाखवायचीच. तंबाखूवाल्यांनी तर नक्कीच.

"इंजेक्शन नाही? मग फी कशाची घेतली?" वडिलांनी विचारलं.

खरा भडका पुढच्या ओळीने उडाला. चिठ्ठीवर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : आइस्क्रीम चालेल. आईने चिठ्ठी दोनदा वाचली, उलटून मागची बाजूही पाहिली. शेवटी डॉक्टरांचा मान राखून वाटीत आइस्क्रीम काढलं आणि वाटी ओट्यावर ठेवून दिली.

"जरा गारवा मोडू दे," ती म्हणाली.