म्हणे, ‘लिंक्समध्ये कुठलंही लॉगिन चालतं’!

रविवारी ऐरोलीला आत्याकडे जेवायला गेले, तर आतेभाऊ ताटावरून उठून लॅपटॉपला भिडलेला. काळ्या स्क्रीनवर कॉलेजच्या पोर्टलचं लॉगिन. पासवर्ड टाकून एंटर दाबला की तेच पान परत. विचारलं तर वर्गाच्या ग्रुपवरचा, गावभर फिरलेला मेसेज दाखवला. म्हणणं असं: जुन्या लॅपटॉपवर क्रोम रखडत असेल तर ‘लिंक्स’ हा टेक्स्ट ब्राउझर (चित्रांशिवाय नुसता मजकूर दाखवणारा) टाका. आपल्याला अडवायला कंपन्या लॉगिनची स्क्रिप्ट (पानामागचा छोटा प्रोग्रॅम) मुद्दाम गुंतवून ठेवतात. ती ऑनलाइन उलगडून घ्या, युजर एजंट (ब्राउझर साइटला सांगतो ते स्वतःचं नाव) बदला. तरी जमलं नाही तर क्रोममधल्या कुकीजची (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदींची) फाईल ग्रुपवर टाका, अॅडमिन ‘सेट करून’ देईल.

नावापासूनच घोळ. मराठीत ‘लिंक्स’ लिहिलं की दोन ब्राउझर होतात. एक १९९२ साली कॅन्सस विद्यापीठात सुरू झालेला, रानमांजराच्या नावाचा (Lynx). दुसरा दुव्यांच्या नावाचा (Links). सूचना पहिल्याच्या, आमच्या पोराने टाकला होता दुसरा. लॉगिनच्या बाबतीत मात्र दोघंही सारखेच.

कारण स्क्रिप्ट उलगडून काही होत नाही. पुरणपोळीची कृती सुवाच्य अक्षरात उतरवली म्हणून पोळी भाजली जात नाही, तवा लागतो. या स्क्रिप्ट ज्या भाषेत असतात ती जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिनच या ब्राउझरांत नाही. अशा पानांवर बटण दाबताच स्क्रिप्ट काहीतरी हिशेब करून एका लपवलेल्या रकान्यात टोकन (खुणेची अक्षरं) भरते. लिंक्स तो रकाना रिकामाच पाठवतो आणि सर्व्हर तेच पान तोंडावर फेकतो. भावाने ते सात-आठ वेळा बघितलं होतं!

आणि तुम्हाला अडवायला? टेक्स्ट ब्राउझरवाले आहेत किती? स्क्रिप्टची फाईल लहान व्हावी म्हणून कंपन्या मोकळ्या जागा काढतात, नावं आखडतात. त्यापुढचा गुंता बहुतेक बॉटसाठी, म्हणजे माणसाऐवजी साइट वापरणाऱ्या प्रोग्रॅमसाठी असतो. एवढं मान्य की फटका आपल्यालाही बसतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये गूगलने जाहीरच केलं की साइन-इन पानावर जावास्क्रिप्ट चालू हवी, कारण पासवर्ड टाकताना धोक्याची तपासणी करायची असते. ती बंद ठेवणारे ०.१ टक्का, हेही तिथेच लिहिलं होतं. कट रचण्याइतके आपण कुणाच्या खिजगणतीतही नाही.

युजर एजंटचं अर्धं खरं आहे. काही जुनाट साइट फक्त ब्राउझरचं नाव बघून हाकलतात, तिथे नाव बदललं की दार उघडतं. (नावातून स्वतःचं नाव काढलंत तर रानमांजरवाला लिंक्सच दम देतो, की ही जाणूनबुजून केलेली फसवणूक दिसते. मला तो आवडतो.) पण नाव बदलून इंजिन येत नाही.

आता कुकीज. इथे माझं डोकं फिरलं. भावाने एका एक्स्टेन्शनने (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमने) फाईल काढून ठेवली होती, पाठवायचीच बाकी. मी ती उघडून त्याच्यापुढे धरली. साधा मजकूर, एका ओळीत साइटचं नाव, मुदत, कुकीचं नाव आणि शेवटी अक्षरांची लांबलचक माळ. ती माळ म्हणजे ‘हा माणूस आधीच आत आलेला आहे’ अशी चिठ्ठी. ज्याच्या हातात ती, त्याला बऱ्याच ठिकाणी ना पासवर्ड विचारला जातो ना ओटीपी. स्वतःच्या मशीनवर ती फाईल लिंक्सला देता येते, क्वचित चालतेही. ग्रुपवर टाकणं म्हणजे किल्ल्यांचा जुडगा जिन्यात टांगणं. “ताई, अॅडमिन आमच्याच वर्गातला आहे.” बरं, आणि बाकीचे दोनशे जण? शिवाय त्या एक्स्टेन्शनने एकट्या पोर्टलच्या नाही, ब्राउझरमधल्या सगळ्या साइटच्या कुकीज काढल्या होत्या. त्यात आत्याचा मेलही होता, ती विजेचं बिल याच लॅपटॉपवर भरते.

ज्यांनी फाईल टाकली असेल त्यांनी मेसेज डिलीट करून समाधान मानू नये. प्रत्येक खात्यात जाऊन ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट’ करा, मग पासवर्ड बदला.

टेक्स्टमध्येच राहायचं असेल तर एडब्राउझ नावाचा ब्राउझर थोडीफार जावास्क्रिप्ट चालवतो. ब्राउश नावाचा दुसरा जास्त पानं उघडतो, पण मागे अख्खा फायरफॉक्स चालवून. म्हणजे जुन्या लॅपटॉपची रड तिथेच.

फाईल पाठवली नव्हती, तरी भावाला बसवून सगळीकडून लॉग आउट करायला लावलं. सोमवारी सकाळी आत्याचा फोन: “अगं, माझा मेल पासवर्ड मागतोय, तो काय होता?”