'प्रेस नोट काढा, ट्विट टाका, डॉलर मोजा': यूएनच्या माहिती अधिकाऱ्याबद्दलचा एक मेसेज आणि त्यातलं खरं-खोटं

करिअर मार्गदर्शनाच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मथळा दर वेळी वेगळा, मजकूर तोच. संयुक्त राष्ट्रसंघात पब्लिक इन्फर्मेशन ऑफिसर व्हा. इंग्रजी बरं असलं की झालं. काम काय, तर प्रेस नोट काढायची आणि ट्विट टाकायचं. पोस्टिंग न्यूयॉर्क नाहीतर जिनिव्हा. पगार डॉलरमध्ये, कर शून्य, नोकरी कायमची. अडचण एकच, दिल्लीतून शिफारस लागते. ती नसेल तर 'आम्ही नाममात्र शुल्कात फॉर्म भरून देऊ'. त्याखाली कुणीतरी शहाणा हमखास लिहितो, 'शेवटी काय, यूएनची लाल करायची आणि पगार घ्यायचा.'

मी या कामात काही वर्षं काढली आहेत. घरातली भाचरं हा मेसेज मला पाठवून विचारतात, 'मावशी, खरंय का गं?' प्रत्येकाला वेगळं उत्तर देऊन कंटाळले, म्हणून एकदाच लिहिते.

ट्विटपासूनच सुरुवात करू. जुलै २०२२ मध्ये मालीच्या लष्करी सरकारने बामाको विमानतळावर आयव्हरी कोस्टचे ४९ सैनिक पकडले आणि ते भाडोत्री असल्याचं जाहीर केलं. तिथल्या यूएन शांतिसेनेचे प्रवक्ते ऑलिव्हिए सालगादो यांनी ट्विटरवर लिहिलं, की हे सैनिक मिशनमधल्या एका तुकडीला साहाय्य करायला आलेत आणि मालीला त्याची आधीच कल्पना दिलेली आहे. सरकार म्हणालं, बिनपुराव्याचं बोलता. ७२ तासांत देश सोडा. सालगादो गेले.

त्याच उन्हाळ्यात काँगोमध्ये यूएन मिशनचे प्रवक्ते मातियास जिलमान एका फ्रेंच रेडिओवर बोलले. एम२३ या बंडखोर गटाला तोंड द्यायला लागणारं लष्करी बळ मिशनकडे नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. थोड्याच दिवसांत गोमा, बुतेम्बो या शहरांत मिशनविरुद्ध दंगली पेटल्या. बुतेम्बोत आपल्या सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मारले गेले. ऑगस्टच्या सुरुवातीला काँगो सरकारने जिलमान यांनाही जायला सांगितलं. अशा बोलण्यानेच वातावरण तापलं, असं सरकारचं म्हणणं. ते मला पटलेलं नाही. १९९९ पासून देशात यूएनची फौज आहे आणि गावं तरीही जाळली जातायत, हे लोक डोळ्यांनी बघत होते. त्यांना चिडायला रेडिओवरच्या मुलाखतीची गरज नव्हती. पण बळीचा बकरा लागतोच, आणि माहिती विभागाचा माणूस सगळ्यांत समोर उभा असतो.

आता प्रेस नोट. समजा पूर्व काँगोतल्या एका गावावर रात्री हल्ला झाला. सकाळी ७ वाजता गावचा रेडिओ सांगतो, ६० मेले. मानवाधिकार विभागाकडे नावानिशी खात्री झालेले १४ आहेत, त्यामुळे ते 'किमान १४' या शब्दांवर अडून बसतात. लष्करी शाखा म्हणते, गस्त कुठल्या रस्त्याने गेली ते काढा. राजकीय विभागाला हल्लेखोर गटाचं नावच नकोय, कारण पुढच्या आठवड्यात त्याच गटाशी बोलणी ठरलीयत. विधी विभाग 'हत्याकांड' खोडून 'घटना' लिहितो. तुम्ही भांडून 'हल्ला' मिळवता. मंजुरी देणारा मिशनप्रमुख विमानात. दुपारी अडीच होतात, तिकडे न्यूयॉर्कला सकाळ झालेली असते आणि महासचिवांच्या प्रवक्त्याला १२ वाजताच्या ब्रीफिंगसाठी एक ओळ हवी असते. स्थानिक पत्रकार तुम्हाला सकाळपासून पंधराव्यांदा फोन करतायत. ६० म्हणालात आणि ते खोटं निघालं, तर शेजारच्या गावावर सूड उगवायला निमित्त मिळतं. १४ म्हणालात, तर संध्याकाळपर्यंत 'यूएन मुडदे लपवतंय' सुरू. शेवटी ८ ओळी बाहेर पडतात. वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी कंटाळून खरडलंय.

घाई केली की काय होतं, तेही बघा. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ठळक इंग्रजी अक्षरांत ट्विट केलं होतं, की कोविड हवेतून पसरत नाही, आणि हे 'तथ्य' आहे. पुढे संघटनेला आपली भूमिका टप्प्याटप्प्याने बदलावी लागली. अफवा थांबवायला टाकलेली ओळ आज संघटनेच्या विरोधात पुरावा म्हणून नाचवली जाते. 'सध्या एवढंच माहीत आहे' हे चार शब्द त्या ओळीत असते तर? पण ते शब्द साहेबाला आवडत नाहीत. दुबळे वाटतात.

'पोस्टिंग न्यूयॉर्क नाहीतर जिनिव्हा.' आहेत ना, तिथेही जागा आहेत, आणि तिथलं कामही बसल्या जागी दमवणारं असतं. सभांचं वार्तांकन करणारे अधिकारी आळीपाळीने सभागृहात बसून एकेका देशाचं भाषण चार ओळींत आणतात, तेही इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये, आणि वर 'ही अधिकृत नोंद नव्हे' अशी सूचना असते. एखाद्या राजदूताला आपली ओळ पसंत पडली नाही, की फोन येतो. पण भरती निघते ती बरीचशी बाहेरच्या जागांसाठी, आणि त्यांतल्या अनेक जागी कुटुंब नेताच येत नाही. राहायचं कुंपणाच्या आत, कंटेनरच्या खोलीत. ठरावीक आठवड्यांनी सक्तीची विश्रांती-रजा मिळते, ती उगाच नाही.

रिहाम अल-फर्रा ही जॉर्डनची तरुण पत्रकार यूएनच्या माहिती विभागात होती. १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादच्या कनाल हॉटेलातल्या यूएन कार्यालयावर ट्रक-बाँबचा स्फोट झाला, त्यात २२ जण गेले, त्यांत ती होती. तिशीही गाठली नव्हती. विकसनशील देशांतल्या तरुण पत्रकारांसाठी यूएनची जी फेलोशिप आहे, तिला आज तिचं नाव आहे. स्थानिक कर्मचाऱ्यांचं तर विचारूच नका. रेडिओ ओकापी या काँगोतल्या यूएन रेडिओ केंद्राच्या दोन पत्रकारांना बुकावू शहरात गोळ्या घातल्या, एकाला २००७ मध्ये, दुसऱ्याला २००८ मध्ये. त्यांच्याकडे परत जायला जिनिव्हा नव्हतं. ते त्याच शहरात राहणारे होते.

ओकापीचा विषय निघालाच आहे, तर 'इंग्रजी असलं की झालं' हेही तिथेच निकालात काढू. हे केंद्र यूएन मिशन आणि फोंदासियों इरोंदेल या स्विस संस्थेने फेब्रुवारी २००२ मध्ये सुरू केलं, तेव्हा काँगो लढणाऱ्या गटांत वाटला गेला होता. इकडचा माणूस तिकडे जाऊ शकत नव्हता, पण बातम्या दोन्हीकडे एकच लागायच्या: फ्रेंच, लिंगाला, स्वाहिली, चिलुबा, किकोंगो. यांत इंग्रजी कुठेय? आफ्रिकेतल्या कित्येक मिशनांत फ्रेंच नसेल तर तुमचा अर्ज चाळणीतच गळतो.

त्याआधीचं उदाहरण कंबोडियाचं, आणि माझ्या मते या पेशाने केलेलं सर्वांत चोख काम तेच. १९९३ ची निवडणूक यूएनने घ्यायची होती. तुम्ही कोणाला मत दिलं ते आम्हाला कळणार आहे, असं लोकांना धमकावलं जात होतं. माहिती विभागाने नोव्हेंबर १९९२ मध्ये यूएनचं स्वतःचं रेडिओ केंद्र सुरू केलं. ख्मेर भाषेत, सोप्या संवादांतून, पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगितली: मत गुप्त आहे. सगळ्या पक्षांना बोलायला वेळ दिला. खेड्यांत रेडिओच नव्हते, तर जपानमधून देणगी म्हणून आलेले रेडिओ संच वाटले. मे महिन्यात जवळजवळ ९० टक्के मतदारांनी मतदान केलं. पुढल्याच वर्षी रुआंडात द्वेष ओकणारं खासगी केंद्र दिवसरात्र चालू होतं, आणि वंशसंहार सुरू झाला तेव्हा यूएन मिशनकडे त्याला उत्तर द्यायला स्वतःचा रेडिओ नव्हता.

गडचिरोलीत मराठी, माडिया, गोंडी आणि तेलुगू यांच्यामधून वाट काढत बातमी गोळा करणाऱ्या पत्रकाराला हे काम पुण्या-मुंबईतल्या 'फ्लुएंट इंग्लिश'वाल्यापेक्षा लवकर समजेल, असं मला नेहमी वाटतं. त्याने फक्त फ्रेंच शिकावी.

शिफारशीचं काय? यूएनच्या सनदेचं १०१ वं कलम सांगतं, नेमणूक करताना कार्यक्षमता, क्षमता आणि सचोटी आधी, आणि मग शक्य तितक्या देशांतून माणसं घ्यावीत. १०० वं कलम तर कर्मचाऱ्याला कुठल्याही सरकारकडून आदेश घ्यायलाच मनाई करतं. आपल्याकडचे ठळक उदाहरण शशी थरूर. १९७८ मध्ये ते यूएनच्या निर्वासितविषयक संस्थेत लागले, आणि पुढे याच माहिती विभागाचे प्रमुख झाले. ते परराष्ट्र सेवेत कधीच नव्हते. सरकार त्यांच्यामागे उभं राहिलं ते २००६ मध्ये, महासचिवपदाच्या निवडणुकीत. अगदी वरच्या खुर्च्यांसाठी राजकारण चालतं, हे उघड गुपित आहे. खालच्या पायऱ्यांवर श्रीमंत देश स्वतःच्या पैशाने आपली तरुण माणसं पाठवतात, हेही खरं, आणि ते मला अन्यायाचं वाटतं. बाकीच्यांसाठी जाहिरात, लेखी परीक्षा, मुलाखत. पदव्युत्तर पदवी असेल तर पी-२ या सुरुवातीच्या अधिकारीपदाला किमान २ वर्षांचा अनुभव, त्याच्या वरच्या पी-३ ला ५. तरुणांसाठी वेगळी परीक्षा आहे, वयाची अट ३२ पर्यंत, पण ती फक्त ज्या देशांचे कर्मचारी कमी आहेत त्यांच्यासाठी. यादी बदलत असते, भारताचं नाव त्यात आहे का ते त्या-त्या वर्षी बघा.

आणि फॉर्मचे पैसे? यूएन भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर एक पैसा घेत नाही. जाहिरातीतच तसं छापलेलं असतं. पैसे मागणारा एकतर दलाल आहे नाहीतर भामटा.

त्या १०० व्या कलमाची खरी परीक्षा नेमणुकीनंतर होते. यूएनच्या नकाशात जम्मू-काश्मीरमध्ये तुटक रेषा असते आणि खाली तळटीप, की अंतिम दर्जा अजून संबंधित पक्षांनी ठरवलेला नाही. भारतीय माहिती अधिकाऱ्यालाही तोच नकाशा वापरावा लागतो. गावाकडे कुणी तो फेसबुकवर पाहिला, तर काकांचा फोन येणारच. शिफारशीवर नोकरी लागते असं मानणाऱ्यांनी हा फोन कसा घ्यायचा, याचा जरूर विचार करावा. आपल्या जिल्हा माहिती अधिकाऱ्याला एक सरकार सांभाळायचं असतं. इथे १९३ आहेत.

पगाराबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. पगार चांगला आहे, नाही म्हणणार नाही. मूळ पगारावर शहराच्या महागाईप्रमाणे भत्ता मिळतो, म्हणून जिनिव्हातला आकडा डोळे दिपवतो. तिथलं घरभाडं मेसेजमध्ये नसतं. एकूण पगारातून यूएनचा स्वतःचा अंतर्गत कर आधी कापला जातो, निवृत्तिवेतनासाठी ७.९ टक्के वेगळे. १९४६ च्या करारानुसार कर्मचाऱ्यांना देशाच्या प्राप्तिकरातून सूट आहे. पण सल्लागार म्हणून घेतलेल्यांच्या करारात कर ज्याचा त्याने बघावा असं लिहिलेलं असतं. आणि आजकाल पोरंपोरी लागतात ती बहुतेक सल्लागार म्हणूनच.

'कायमची नोकरी' मात्र शुद्ध थाप. तात्पुरत्या नेमणुकीची मुदत वर्षाच्या आत संपते, बाकीचे करार बहुतेक वर्ष-दोन वर्षांचे. मालीने जून २०२३ मध्ये मिशनला जायला सांगितलं आणि डिसेंबरअखेर गाशा गुंडाळला गेला. बामाकोतल्या रेडिओसकट माहिती विभागही संपला. काही देशांनी वर्गणी थकवल्यामुळे सचिवालयात भरती गोठली. २०२५ मध्ये 'यूएन८०' या नावाने काटकसर सुरू झाली, आणि २०२६ साठी जवळजवळ पाचवा हिस्सा पदं कमी करण्याचा प्रस्ताव आला. आज हा मेसेज फॉरवर्ड करणाऱ्याने निदान एवढं तरी वाचायचं.

राहिला तो शहाणा. 'यूएनची लाल करायची.' या एका आरोपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये हैतीत कॉलरा पसरला. नेपाळहून आलेल्या शांतिसैनिकांच्या छावणीची घाण नदीत जात होती, हे पत्रकारांनी जागेवर जाऊन दाखवलं, पुढे शास्त्रज्ञांनीही दाखवलं. यूएनच्या माहिती यंत्रणेकडून आधी इन्कार आला, मग गुळमुळीत वाक्यं, मग वर्षानुवर्षं 'प्रकरण विधी विभागाकडे आहे'. सुमारे १०,००० माणसं मेली. ती वाक्यं कुणीतरी माझ्यासारख्यानेच लिहिली होती. अशा वेळी अधिकाऱ्याच्या हातात काय असतं? आत भांडायचं, ते लेखी भांडायचं. खोटं वाक्य स्वतःच्या नावावर जाऊ द्यायचं नाही. नाहीच जमलं तर बदली मागायची किंवा सोडून द्यायचं. बाहेर जाऊन बोलायची मुभा नसते. १ डिसेंबर २०१६ रोजी बान की-मून यांनी आमसभेत हैतीच्या जनतेची माफी मागितली, आणि ती आधी तिथल्या लोकांच्या क्रिओल भाषेत मागितली. तेवढी एक गोष्ट माहिती विभागाने पहिल्या महिन्यात सुचवण्यासारखी होती. तिला सहा वर्षं लागली, आणि तोवर हैतीतला कुठलाही माणूस यूएनची पाण्याबद्दलची सूचना ऐकून घ्यायला तयार नव्हता.