बघणाऱ्यांचे पैसे जातात कुणाकडे?

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय. टीव्हीवरच्या टॅलेंट शोमध्ये एखादी अपंग मुलगी नाचते, परीक्षक डोळे पुसतात, मागून बासरी वाजते, तर हे दाखवावं की नाही. अर्धे म्हणतात हा बाजार आहे, बंद करा. अर्धे म्हणतात तिच्यात टॅलेंट आहे तर येऊ द्या ना पुढे, तुम्ही कोण अडवणारे. आणि मग कुणीतरी मला टॅग करतंच, तू अमेरिकेत आहेस तू सांग, तिकडे असलं चालतं का, तिकडचे लोक किती सेन्सिटिव्ह असतात वगैरे.

आता मी राहते शार्लटला, नॉर्थ कॅरोलायनात, आणि नेमकं याच गावात साठच्या दशकात दोन बहिणी एका ग्रोसरी स्टोअरमध्ये भाज्या-फळं वजन करून द्यायच्या. डेझी आणि व्हायोलेट हिल्टन. कमरेपाशी जोडलेल्या सयामी जुळ्या, आणि एके काळच्या बड्या स्टार. त्यांच्यावर ब्रॉडवेला म्युझिकल आलं होतं, साइड शो नावाचं, १९९७ मध्ये. साइड शो म्हणजे जत्रेत वेगळ्या शरीराची माणसं तिकीट लावून दाखवायचे तो तंबू. हेन्री क्रीगरचं संगीत, बिल रसेलची गाणी आणि संहिता. जवळजवळ सगळं गाण्यातूनच पुढे सरकतं, संगीत नाटकावर वाढलेल्या माणसाला एकदम घरचं वाटेल असं. मी आधी नुसती गाणी ऐकली होती, मग इथल्या हौशी मंडळींनी केलेला प्रयोग पाहिला. रडले पण, खोटं कशाला बोलू. पण घरी आल्यावर चिडचिड सुरू झाली ती अजून थांबलेली नाही.

त्यांची गोष्ट थोडक्यात सांगते. जन्म १९०८ चा, इंग्लंडमधल्या ब्रायटनचा. आई बारमध्ये काम करणारी, लग्न न झालेली. तिच्याकडून मेरी हिल्टन नावाच्या बाईने मुली घेतल्या, आणि ‘घेतल्या’ म्हणजे चक्क विकतच म्हणायचं, कारण मुली तीनेक वर्षांच्या होत नाहीत तोवर त्यांना तिकीट लावून दाखवायला सुरुवातही झाली. पुढे अमेरिका, टेक्सासमधलं सॅन अँटोनिओ. मेरीबाई वारल्यावर मुली तिच्या लेक-जावयाकडे गेल्या, म्हणजे घरातली भांडीकुंडी जातात तशा. सॅक्सोफोन, व्हायोलिन, गाणं, नाच सगळं शिकवलं होतं, आणि विसाच्या दशकात वॉडव्हिल नावाच्या तिथल्या व्हरायटी शोच्या सर्किटमध्ये त्यांचं नाव झालं. पैसा धो धो यायचा पण त्यांच्या हातात नाही, सगळा हिशोब मॅनेजर जावयाकडे. १९३१ मध्ये सॅन अँटोनिओच्या कोर्टात केस उभी राहिली आणि बहिणी सुटल्या, भरपाईही मिळाली. तोपर्यंत त्या बावीस-तेवीस वर्षांच्या झाल्या होत्या.

आणि सुटल्यावर त्यांनी काय केलं? परत स्टेजवरच गेल्या!

ग्रुपवरच्या ‘बंद करा’ पार्टीला मला हेच सांगायचंय. लोक बघतात याचा त्यांना त्रास झाला नसेल असं मी म्हणत नाही, झालाच असणार, पण कोर्टात त्या लोकांनी आपल्याकडे बघू नये म्हणून गेल्या नव्हत्या. आपला पैसा आणि आपलं आयुष्य दुसऱ्याच्या ताब्यात आहे म्हणून गेल्या होत्या. आणि म्युझिकल नेमकं इथेच पटकन पुढे सरकतं. त्याला प्रेमकथेत रस. कोण हिच्यावर प्रेम करतो, कोण करू शकत नाही, आम्ही जशा आहोत तशा आम्हाला कोण स्वीकारणार, यावर एकाहून एक गाणी आहेत, सुंदर आहेत. पण कॉन्ट्रॅक्टवर एक दणदणीत गाणं व्हायला काय हरकत होती? शेवटी व्हायोलेटचं लग्न होतं, बहिणी हॉलिवूडला सिनेमा करायला निघतात आणि पडदा. पुढची तीसेक वर्षं गायब.

त्या लग्नाचं आणि पुढचं प्रत्यक्षात काय झालं ते ऐका म्हणजे ‘तिकडचे सेन्सिटिव्ह लोक’ कळतील. व्हायोलेटला लग्न करायचं होतं तर एकामागून एक राज्यांनी लायसन्सच नाकारलं, हे नैतिकतेत बसत नाही म्हणून. शेवटी १९३६ मध्ये टेक्सासच्या शंभरीच्या प्रदर्शनात, डॅलसच्या स्टेडियममध्ये, तिकीट लावून लग्न लावलं. म्हणजे खासगीत लग्न करायचं तर कायदा आडवा, तमाशा करून करायचं तर या या! मग वॉडव्हिल संपलं, पैसे संपले, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या एका ड्राइव्ह-इन थिएटरच्या कार्यक्रमाला आलेल्या असताना त्यांचा मॅनेजर त्यांना तसंच टाकून पळाला. म्हणून मग ग्रोसरी स्टोअर. जानेवारी १९६९ मध्ये त्या कामावर आल्या नाहीत म्हणून दुकानातून चौकशी झाली, तर दोघी घरात मेलेल्या सापडल्या. हाँगकाँग फ्लू. आधी डेझी गेली, व्हायोलेट त्यानंतर काही दिवसांनी. ते मधले दिवस… असो.

लग्नाचं जुनं झालं म्हणाल तर आजचं ऐका. इथे अपंगांना सरकारकडून एसएसआय नावाचा भत्ता मिळतो. तो मिळायला एकट्या माणसाकडे शिल्लक २००० डॉलरच्या आत हवी, आणि तसाच भत्ता घेणाऱ्या दोघांनी लग्न केलं तर दोघांत मिळून ४००० नाही, ३०००. शिवाय भत्ताही दोघांचा मिळून कमी होतो. त्यामुळे लग्न न करता राहणारी जोडपी आहेत. १९३८ च्या मजुरी कायद्यात अपंग कामगाराला किमान वेतनापेक्षा कमी पगार द्यायची परवानगी देणारं कलम आहे, काही राज्यांनी ते आपल्यापुरतं बंद केलं पण फेडरल कायद्यात अजून आहे. रॅम्प मात्र झकास असतात. चेष्टा नाही करत, १९९० च्या कायद्यामुळे व्हीलचेअरवरचा माणूस इथे थिएटरात जातो, बसमध्ये चढतो, आणि आपल्याकडे आलं की मला तोच फरक पहिला जाणवतो. पण रॅम्प आहे म्हणजे मन मोठं आहे असं समजू नका.

आता आपल्याकडचं. राधिका-दुडिका नाव ग्रुपवर कुणाला माहीत नव्हतं. ओडिशातल्या जोडलेल्या जुळ्या बहिणी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लहानपणीच युरोपात नेऊन दाखवलेल्या. १९०२ मध्ये पॅरिसच्या डॉक्टर डुआयेनने ऑपरेशन करून त्यांना वेगळं केलं आणि त्या ऑपरेशनची फिल्म पण काढली. दुडिका थोड्याच दिवसांत गेली, राधिका पुढच्या वर्षी. म्हणजे ऑपरेशन टेबलावर पण कॅमेरा होताच.

आणि आपली सर्कस? छत्र्यांच्या सर्कशीपासून सांगली भागाचा तो अभिमानाचा विषय. वाघ-सिंहांसारख्या प्राण्यांवर बंदी आली, २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलांना कामाला ठेवायला मनाई केली, दोन्ही बरोबरच झालं. पण तंबू उठल्यावर त्यातला बुटका विदूषक कुठे गेला, हे किती जणांनी विचारलं? २००५ ला डान्स बार बंद करतानाही हेच. वाचवायचं म्हणून दार बंद करायचं आणि आतल्या बाईला दुसरं दार दाखवायचंच नाही, यात आपण एक्स्पर्ट आहोत.

त्यातल्या त्यात जुलै २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल मला आवडला. सिनेमात अपंगांची टिंगल होते म्हणून याचिका होती, चंद्रचूड सरन्यायाधीश होते. कोर्टाने सरसकट दाखवू नका असं म्हटलं नाही. अपंगांना हीन ठरवणारा विनोद आणि अपंगत्वाबद्दल समज वाढवणारा विनोद यात फरक करा, आणि ठरवताना त्यांनाच सोबत घ्या, असं म्हटलं. ग्रुपवर टाकलं तर दोन अंगठे आले आणि पुन्हा बासरी चालू.

साइड शो म्युझिकलचा ब्रॉडवेवरचा प्रयोग ९१ खेळांत बंद पडला, बरं का. २०१४ मध्ये सिनेमा दिग्दर्शक बिल कॉन्डनने नव्याने केला, तोही दोनेक महिन्यांत गुंडाळला. पहिल्या वेळी साइड शोमधली बाकीची मंडळी मेकअप-बिकअप न करता साध्या नटांनीच केली होती, तुम्हीच काय ते कल्पनेने बघा म्हणून. दुसऱ्या वेळी रंगरंगोटी करून सगळं दाखवलं. दोन्ही वेळा लोक फारसे आले नाहीत. कीव करून घरी जाता येईल असं नाटक लोकांना चालतं, पण हे पहिल्याच गाण्यात प्रेक्षकालाच गिऱ्हाईक करून टाकतं, त्यामुळे असेल. हा आपला माझा अंदाज.

पुण्या-मुंबईत कुणाला हे मराठीत करायचं सुचलं तर जरूर करा. गाणाऱ्या मुलींचा तोटा नाही. फक्त तिसरा अंक शार्लटचा लिहा, भाजीच्या काउंटरवरचा, महिन्याच्या पगाराचा. त्यात त्या दोघींना प्रियकर नको, मॅनेजर तर नकोच. आणि त्या विंगेतून स्टेजवर जाताना पायऱ्या किती आहेत ते आधी मोजून ठेवा, कारण कधीतरी त्या भूमिकेला खरोखरच व्हीलचेअरवरची एखादी गायिका ऑडिशनला येईल.