जनरल थोरात आणि मामांचा फॉरवर्ड

परवा सकाळी साडेसहाला मामांचा फॉरवर्ड आला. मामा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, सकाळी सकाळी काहीतरी पाठवायची सवयच. एरवी मी उघडतही नाही. पण हा मजकूर वडगावच्या लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरातांवर होता, आणि दुपारपर्यंत भावकीच्या तिन्ही ग्रुपवर फिरून, 'खरा कोल्हापूरकर असाल तर पुढे पाठवा' अशी शेपटी लावून परत माझ्याकडंच आला. वर फोटो पहिले भारतीय लष्करप्रमुख करिअप्पांचा. मिशा असल्या की झालं.

थोरात लष्करप्रमुख होते म्हणे. नव्हते. 1957 ते 1961 लष्कराच्या ईस्टर्न कमांडचे, म्हणजे पूर्वेकडच्या विभागाचे, प्रमुख होते. नंतर राज्यात मंत्री झाले, हेही खोटं. ते राज्याच्या लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष होते. आणि 'कोरियाचं युद्ध जिंकून दिलं'? ते तिथं गेले 1953 मध्ये, युद्ध थांबल्यावर, मायदेशी जायला नकार देणाऱ्या हजारो कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख म्हणून. कैद्यांनी एका भारतीय मेजरला छावणीत ओढून डांबलं, तर हे स्वतः आत शिरले आणि त्याला सोडवून आणलं. बर्मात कांगॉच्या लढाईत 1945 मध्ये त्यांनी डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळवला, त्याचा मात्र फॉरवर्डात पत्ता नाही.

आता मुख्य भंपकपणा. 'ऑक्टोबर 1962 मध्ये थोरात गरजले, एक इंचही मागे हटणार नाही! आणि नेहरूंच्या टेबलावर राजीनामा फेकला.' अहो, ते मे 1961 मध्येच निवृत्त झाले होते. चीननं 20 ऑक्टोबर 1962 ला हल्ला केला तेव्हा ईस्टर्न कमांड एल. पी. सेन यांच्याकडं होती. राजीनामा दिला होता तेव्हाचे लष्करप्रमुख थिमय्यांनी, 1959 मध्ये, आणि तो मागंही घेतला. लिहिणाऱ्यानं दोघांची मिसळ केलीय.

पण त्या 'एक इंच'नं माझं डोकं फिरलं. थोरातांचं इंग्रजी आत्मचरित्र 1986 मध्ये आलं, आमच्याकडं त्याची जुनी प्रत आहे. चीननं हल्ला केला तर पूर्व सीमा कशी राखायची, यावरच्या त्यांच्या 8 ऑक्टोबर 1959 च्या टिपणाची हकीकत त्यात आहे. ते सांगत होते ते नेमकं उलटं. मॅकमोहन रेषेपर्यंत, म्हणजे ईशान्येकडच्या चीनलगतच्या सीमेपर्यंत, रस्ते नाहीत, रसद पोचत नाही. म्हणून सीमेवर फक्त खबर देणारी, शत्रूला थोडं रखडवणारी ठाणी ठेवा, आणि खरी लढाई मागं द्या, जिथं आपली रसद पोचते आणि त्यांची ताणली जाते. मार्च 1960 मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाच्या सरावात त्यांनी हे मांडूनही दाखवलं. पुढं 1962 मध्ये आपण त्या सीमेवरच्या नामका चू नदीवर काय केलं? सुती कपड्यांतली पोरं थेट पुढं नेऊन बसवली, जवानामागं पन्नासेक काडतुसं. मामा, तुम्हीच सांगा, पन्नास काडतुसं किती वेळ पुरतात? वेळेवर मागं या म्हणणारा हा माणूस, आणि त्याच्याच तोंडी हे सिनेमातलं वाक्य!

एक गोष्ट मान्य करावी लागते, नाइलाजानं का होईना. त्यांना डावललं हे खरंय. आपल्यानंतर थोरात यावेत असं थिमय्यांना वाटत होतं, नेमले गेले थापर. टिपण संरक्षणमंत्री कृष्ण मेननांनी उडवून लावलं. पण 'नेहरूंनी ते फाडून टाकलं' याला आधार काय? थोरात स्वतःच लिहितात, की युद्धानंतर नेहरूंनी त्यांना बोलावून ते टिपण पाहिलं आणि हे मला आधी का दाखवलं नाही, असं विचारलं. 'मराठा म्हणून कापलं' ही ओळ तर निव्वळ विष. तिला पुरावा लागत नाही, म्हणून तीच सगळ्यात जास्त पळते.

हे सगळं मामांना फोनवर सांगितलं. टिपणाच्या पानांचे फोटोही पाठवले. अर्ध्या तासानं त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'दुरुस्ती: फोटो चुकीचा आहे, क्षमस्व.' आणि खाली तोच मजकूर, जसाच्या तसा, थोरातांच्या फोटोसह.