सावंतवाडीचं लाकूडकाम: राजाचं की चिताऱ्याचं?

मोती तलावाच्या कट्ट्यावर परवा विषय निघाला तो पाटांवरून. दिगूच्या पुतणीच्या लग्नाला रंगवलेले पाट आणि चौरंग हवेत. चितारआळीत, म्हणजे लाकडावर रंगकाम करणाऱ्या चिताऱ्यांच्या आळीत, भाव विचारून आला, आणि गाडी घसरली: हे काम सावंतवाडीत आणलं कुणी?

"राजांनी," मास्तर म्हणाले. त्यांचं सगळंच राजांपासून सुरू होतं. तिसरे खेम सावंत, कारकीर्द 1755 ते 1803. तैलंगणातून दरबारात आलेल्या पंडितांनी गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, आणल्या असं सांगतात. राजांना खेळ आवडला, चिताऱ्यांच्या हाताला काम मिळालं.

"माका एक सांगा मास्तर," बाबल्या उसळला, "राजान कधी हातात पटाशी घेतल्यान काय? देवळातले कोरीव खांब, देव्हारे, पाळणे काय दरबारान केले?"

दिगू म्हणे, आधी लाकूड बघा. पांगारा इथे कुंपणाला उगवतो. हलका, मऊ, पटाशीला पटकन वळणारा. शोभेची लाकडी फळं, आंबा, केळी, सीताफळ, त्यातूनच निघणार. पाटाला मात्र फणस नाहीतर साग. "झाड दारात होतं, म्हणून धंदा झाला. उगीच इतिहास कशाला?"

माझ्या मते तिघंही दोन कामांची सरमिसळ करत होते. कोरणं-कातणं हे सुताराचं. रंगवून वर लाख चढवणं हे चिताऱ्याचं. गंजिफेत तर मुळात लाकूड नाहीच. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, वर खडूचा लेप, घोटून गुळगुळीत करायचं आणि गोल पानावर हाताने चित्र. दशावतारी संचात दहा अवतार, प्रत्येकाची 12 पानं, एकूण 120. इवल्याशा गोलात मत्स्यावतार बसवणाऱ्याला पाटाच्या कडेची वेल म्हणजे डाव्या हाताचा मळ. सुतारकाम गावचंच, कुंचल्याला ही सफाई आली ती दरबारामुळे, एवढं मी मास्तरांना देतो.

पण मास्तरांना अर्धं चालत नाही. "आणि 1970च्या दशकात काय झालं? गंजिफा करणारे संपत आले होते. इथले शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी स्वतः शिकले, राजवाड्यात कारागीर बसवले. घेतला की नाही राजाने कुंचला हातात?"

"घेतल्यान ना," बाबल्या म्हणाला. "पण शिकवल्यान कोणी? म्हाताऱ्या चिताऱ्यानच मा?"