हा मनाचा भास नाही

कडबाकुट्टीत हात गेलेल्या करवीर तालुक्यातल्या शेतकऱ्याला नसलेली बोटं आवळल्यासारखी वाटतात, याला एका लेखात ‘मनाचा भास’ म्हटलंय. ते पटलं नाही. हात गेला तरी मेंदूतला त्याचा नकाशा, म्हणजे त्या हाताची नोंद, शिल्लक राहते. शिवाय कापलेल्या नसेच्या टोकाला गाठ धरली तर तीही चुकीचे संदेश वर पाठवत राहते. कळ खरीच असते, घरच्यांनी ‘वेड लागलंय’ म्हणू नये.

आधी खुंटावर, म्हणजे हाताच्या उरलेल्या टोकावर, बोटाने हलकी टकटक करून बघा. ठरावीक एकाच जागी झटका बसला तर नसेची गाठ असू शकते. ती सर्जनलाच दाखवा, पुढे सांगितलेल्या आरशाच्या उपायाने जाणार नाही.

एरवी आरसा जरूर वापरून बघा; धड हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हातासारखं दिसावं, हा त्यातला हेतू. दीड-दोन फुटांचा आरसा छातीच्या मध्यासमोर उभा ठेवायचा, आरशाचं तोंड धड हाताकडे, खुंट त्याच्यामागे पूर्ण झाकलेला. धड हातातलं घड्याळ, अंगठी, दोरा काढायचा, नाहीतर प्रतिबिंब गेलेल्या हाताचं वाटत नाही. मग आरशात बघत मूठ सावकाश उघडायची-मिटायची, मनगट फिरवायचं आणि मनातल्या मनात नसलेल्या हातालाही तेच करायला लावायचं. रोज १५ मिनिटं, किमान ४ आठवडे. घाई करू नका. हालचाल भरभर झाली की मनातला तो नसलेला हात मागे पडतो आणि कळ वाढू शकते. घेरी आली तर लगेच थांबा. सगळ्यांनाच गुण येत नाही. मग गॅबापेंटिनसारख्या नसांच्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा.